माझं वेगळं ठेवलेलं बी

शकू गेल्याचं तिच्या मुलानं भिंतीवरून सांगितलं. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे खामगावात आमच्याकडे बातम्या दारातून कमी आणि भिंतीवरूनच जास्त येतात. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. मी कणीक मळत होते. तशाच भरल्या हातांनी मागच्या अंगणात आले आणि खरं सांगते, रडू फुटायच्या आधी मनात आलं ते हे, की यंदाचं बी मागायचं राहूनच गेलं... जिवाभावाची मैत्रीण गेली आणि मला वालाचं बी आठवलं! तेव्हा त्याची फार लाज वाटली होती. आता वाटत नाही.

वाल म्हणजे पुण्याकडच्यांचा घेवडा. आमच्या गल्लीत वाल म्हटला की तो शकूचाच. मोताळ्याकडच्या माहेराहून तिनं लग्नानंतर पदराच्या गाठीत बी आणलं होतं. न्हाणीचं पाणी जायचं त्या कडेला ती आळं करायची, शेणखत घालायची आणि वर पऱ्हाट्यांचा मांडव उभारायची. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या वाळक्या काड्यांना दिवाळीनंतर शेंगांचे घोस लटकायचे. जांभळ्या काठाच्या, कोवळ्या शेंगा. शिरा काढायची गरजच नाही. पहिला तोडा सुपात घालून भिंतीवरून माझ्याकडे यायचा. "आधी तू खाय, मंग देवाले," असं म्हणायची आणि इतक्या मोठ्यानं हसायची की देवालाही ऐकू गेलं असेल. ती होतीच तशी. आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी चूल तिनं पेटती ठेवली. पाण्याच्या टँकरवाल्याशी माझं भांडण सुद्धा तीच भांडायची, कारण मला भांडता येत नाही असं तिचं ठाम मत होतं. हे सगळं खरं आहे. आज मी रागात आहे म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि तोच तर घोळ आहे.

लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी तिच्याकडे बी मागितलं. तिनं लगेच मूठभर दिलं. काळंभोर, टपोरं, पांढऱ्या चिरेचं बी. मी रात्रभर भिजवलं, तिच्यासारखंच आळं केलं, तिच्यासारखंच लावलं. काही आलं नाही. उकरून पाहिलं तर बी फुगलेलं, मऊ पडलेलं, बोटात चिरडलं जाणारं. भिंतीपलीकडे तिचे कोंब मान वर काढत होते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी माती बदलली, पाणी कमी केलं, उन्हाची जागा बदलली. तिसऱ्या वर्षी मी भिंतीशी उभी राहून अक्षरशः रडले.

"काऊन वं सुधे, रडतं काय त्याच्यापायी?" ती म्हणाली. "म्या तं तेच बी लावलं. एखाद्या हाताले गुण नसते, बाई. मी हावो ना शेंगा द्याले!"

हे तिनं प्रेमानं म्हटलं, असं मी तेव्हा धरलं. पण आमच्या सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांचे कान तिखट. त्यांनी ते ऐकून ठेवलं.

त्या वर्षी नवरात्रात घट बसवायची वेळ आली. लग्नापासून तो माझ्याच हातून बसायचा. काळी माती चाळून टोपलीत पसरायची, गहू पेरायचे आणि नऊ दिवस ते पिवळे कोंब वाढताना बघायचे, ह्यात मला काय सुख मिळायचं ते शब्दांत सांगता येणार नाही. गहू यायचेही दाट. पण सासूबाई म्हणाल्या, "यंदा धाकटीच्या हातून होऊ दे. तुह्या हाताचं काही खरं नाही." मी चाळलेल्या मातीची टोपली जावेपुढे सरकवली. शकू तेव्हा आमच्याकडेच आली होती, देवीला फुलं घेऊन. तिनं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फुलं ठेवून निघून गेली. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, माझा अपमान तिला बघवला नाही. कितीतरी वर्षं मी तसंच समजत आले.

पुढे सासूबाई गेल्या, जाऊ अकोल्याला राहायला गेली, तरी मी घट बसवला नाही. आधी मुलीकडून, मग सुनेकडून बसवून घेतला. स्वतः नुसती बाजूला उभी. कुंडीत तुळस लावायची तरी ह्यांना हाक मारायचे. फक्त शकूचं बी मी दर पावसाळ्यात मागत राहिले आणि कुणाला न सांगता लावत राहिले. ती देतानाही म्हणायची, "घे, लाव. यंदा उगवते पाय!"

तेरवी आटोपल्यावर काही दिवसांनी मी तिच्या घरी गेले. तिची सून रेखा एकटीच होती. चहा झाला, थोडं रडून झालं. उठताना मी म्हटलं, "रेखा, वालाचं थोडं बी आहे का गं?"

"हाव, काकू. तुमचं आत्याबाईनं येगळं ठेवलं हाये," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाईच म्हणायची. "ते देऊ, का घरचं देऊ?"

माझं वेगळं ठेवलंय... ऐकलं आणि माझा बांधच फुटला. एवढ्या दुखण्यात, अंथरुणाला खिळलेली असताना, तिनं माझी आठवण ठेवली! रेखानं फडताळातून दोन डबे काढले. एकात राखेत घोळलेलं बी होतं, दुसऱ्यात स्वच्छ, चकचकीत. मी विचारलं, ह्याला राख कशी नाही?

"ते शेकेल हाये ना. त्याले कीड नाही लागत. दरसाल तुमचं बी आत्याबाई तव्यावर शेके. मंद आचेवर, हातानं हलवत बसे, एक दाना काळा पडू देत नव्हती. लय जीव लावून करे." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती थांबली. "तुम्ही उसळीले नेता ना, काकू?"

तिला बिचारीला काय ठाऊक! ती सून होऊन आली तोवर मी माझ्या हाताबद्दल बोलणंच सोडलं होतं. मी "हो" म्हटलं, दोन्ही डबे उचलले आणि घरी आले.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं येणं-जाणं तुटू नये म्हणून केलं असेल." मी म्हटलं, मी काय शेंगांसाठी जात होते तिच्याकडे? मला "नाही देत" म्हणाली असती तर मी दोन दिवस रुसले असते, तिसऱ्या दिवशी भिंतीशी उभी राहिले असते. माहेरची एकुलती एक वस्तू, तिला ती आपलीच ठेवायची होती, हे मला कळलं असतं. बायकांना हे कळतं. पण तिनं वस्तू राखली ती माझे हात नासवून. आणि त्या नवरात्रात, टोपली माझ्या हातून जाताना, ती एका वाक्यानं मला सोडवू शकत होती. ते वाक्य तिनं गिळलं, फुलं ठेवली आणि गेली. ह्याची मी तिला माफी देऊ शकत नाही. ज्याच्यावर ओरडायचं ते माणूसच उरलं नाही, ह्याचा राग तर वेगळाच.

न्हाणीच्या कडेला मी दोन आळी केली. एकात राखेतलं बी लावलं. ते आठवड्याभरात वर आलं, सगळंच्या सगळं. माझ्या हातचं! त्या कोंबांपुढे बसून मी हसले की रडले ते ह्यांना विचारा. वेल आता भिंतीवर चढलाय, तिच्या अंगणात डोकावतोय. यंदा घट मी बसवणार आहे, सुनेला तसं सांगूनही ठेवलंय.

दुसऱ्या आळ्यात शेकलेलं बी लावलंय. का, ते मला विचारू नका. काय होणार ते ठाऊक होतं, तरी अर्धा डबा मी तिथं ओतला. रेखाची काहीतरी चूक झाली असेल, ह्या खेपेला तरी शकूचा हात आखडला असेल, तवा तापलाच नसेल... सकाळी पाण्याची बादली घेऊन मी मागे येते तेव्हा भिंतीवरच्या वेलाकडे आधी बघत नाही. आधी त्या मोकळ्या आळ्यापाशी वाकते आणि माती बोटानं सारून बघते. एकच कोंब दिसला तरी मी तेवढ्यावर शकूला सोडून देईन.