बनाना ब्रेडच्या आधी बाबा

देवाला आमच्या मालकीणबाईंइतकं राबवून घेणारं माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरं नसेल. पार्किंगला जागा मिळावी म्हणून देव, गवत कापायचं यंत्र पहिल्या झटक्यात सुरू व्हावं म्हणून देव, आणि लॉकडाउनच्या पहिल्या महिन्यात सुपरमार्केटमध्ये टॉयलेट पेपरचा शेवटचा गठ्ठा हाती लागला तेव्हा भर रांगेत डोळे मिटून देवाचे आभार. मागचा माणूस ताटकळला. बाईंनी डोळे उघडले, गठ्ठा फोडून त्यालाही दोन रोल दिले आणि ही देवाचीच सूचना असं त्याला सांगितलं. तो बिचारा ऑस्ट्रेलियन. देव असला तर असू दे, नसला तरी नो वरीज, इतकाच त्याचा धर्म. रोल घेऊन तो घाईघाईने निघून गेला.

ऑस्ट्रेलियातल्या क्लेटन या उपनगरातल्या त्यांच्या घराची मागची खोली मी युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, शिकायला आल्यापासून भाड्याने घेतली होती. बाई मूळच्या अमेरिकेतल्या, ओक्लाहोमाच्या एका लहान गावातल्या. ऑस्ट्रेलियन नवऱ्यामागे इथे आल्या, नवरा गेला, बाई राहिल्या. चाळीस वर्षांत त्यांनी इथला चहा उचलला, इथलं क्रिकेट उचललं, पण इथल्या लोकांची देवाबद्दलची बेफिकिरी काही त्यांच्या अंगाला लागली नाही. दर गुरुवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात टॅबलेट उभा करून बसायच्या. तिकडे तेव्हा बुधवारची संध्याकाळ असायची आणि पडद्यावर त्यांच्या गावच्या तीसचाळीस म्हाताऱ्या. कोणाचा गुडघा, कोणाचा नातू, कोणाची गाय. एकेकीने नाव सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून देवाला साकडं घालायचं. ती नावं बाई कार्डावर लिहायच्या आणि पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात इंग्रजी अक्षरक्रमाने लावायच्या. वेगळा डबा करायची त्यांना कधी गरज वाटली नाही. त्यामुळे पॅट्रिशियाच्या मूत्रपिंडामागे पंपकिन पाय, असा सगळा कारभार.

आता मी कोण, तर पत्रकवाला. सांगलीत माझे वडील शाळामास्तर आणि अंधश्रद्धेचे हाडवैरी. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी चौथीपासून त्यांच्याबरोबर बाजारात वाटली आहेत. ‘बाबा-बुवांना थारा नको’ ही घोषणा मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. आमच्या चळवळीच्या मासिकाच्या संपादकांना कळलं की मी एका अमेरिकन बाईच्या घरात राहतो, तेव्हा त्यांनी मला विषयच दिला: इतके अमेरिकन लोक देव का मानतात. एवढा पुढारलेला देश, चंद्रावर माणूस पाठवणारा, आणि जेवणाआधी डोळे मिटतो. नमुना घरातच होता, म्हणून मी एका बैठकीत कारणं लिहून काढली. तिथे आजारपणात सरकार मागे उभं राहत नाही, म्हणून माणसं देवामागे उभी राहतात. तिथे चर्चं दुकानांसारखी एकमेकांशी स्पर्धा करतात, म्हणून माल खपतो. आणि भीती, सगळ्यात शेवटी भीती. भाषांतर करून मी ते बाईंना वाचून दाखवलं. आपण कोणाच्या तोंडावर काय वाचतोय याचं भान मला तेव्हा नव्हतं, फारसं आजही नाही.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या की लहानपणी, त्या गावात स्थिरावण्याआधी, वडिलांच्या नोकरीपायी त्यांनी सहा गावं बदलली. “नव्या गावात आमचं नाव विचारून लिहून घेणारी एकच जागा असायची, हनी. एखाद्या आठवड्यात चर्चला गेलो नाही तर कोणीतरी सूप घेऊन दारात.” मी म्हटलं, हे तर समाजमंदिराचं काम झालं, यात देव कशाला? “कशाला ते तूच शोध,” त्या म्हणाल्या, “पत्रक तुझं आहे.” मी त्यांना पळपुट्या म्हणून टाकलं. मनात नव्हे, तोंडावर. लस आली तेव्हा तरी त्या लस नको, देव पुरे म्हणतील आणि माझ्या लेखाला शेवट मिळेल अशी आशा होती. तर बाई पहाटे उठून रांगेत पहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, “मी प्रार्थना करते. मूर्ख नाही.” लेख पुन्हा अडला.

मग दुसऱ्या लाटेत, भारतात बेड मिळेनासे झाले तेव्हा, सांगलीहून आईचा फोन आला. वडील इस्पितळात, ऑक्सिजनवर. मी निघालो असतो तर परत येता आलं नसतं, सीमा बंद होत्या. वडिलांनीच दम दिला की तू येऊन काय करणार, आत तुझ्या आईलाही सोडत नाहीत, परीक्षा दे. त्या दिवसांत मी स्वयंपाकघरातच बसायचो, कारण घरात रेंज तिथेच चांगली. फोन कानाला लावून ओरडायचो, “बाबा, ऐकू येतंय का? बाबा?”

बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, नाव काय त्यांचं. कशाला विचारतात ते मला ठाऊक होतं. मी सरळ सांगितलं की माझ्या वडिलांनी जन्मभर ज्याच्याशी वैर केलं त्याच्या दारात त्यांचं नाव मी जाऊ देणार नाही. बाई बरं म्हणाल्या. वाद घातला नाही, याचंच मला आश्चर्य वाटायला हवं होतं.

आठवड्याने त्यांनी मला डब्यातून बनाना ब्रेडचं कार्ड काढायला सांगितलं, आणि त्याच्या आधीचंच कार्ड माझ्या हाती आलं. वर ठसठशीत अक्षरात ‘बाबा’. खाली, ‘इंडिया. फुप्फुसं. मुलगा इथे एकटा.’ मी नाव दिलं नाही, तर बाईंनी कानांवर पडेल ते लिहून घेतलं होतं. ओक्लाहोमातल्या तीसचाळीस म्हाताऱ्या गुरुवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या बुधवारी संध्याकाळी, देवाकडे बाबासाठी मागणं मागत होत्या.

मी भडकलो. बाईंना नाही नाही ते बोललो, आणि तीच भडास वडिलांपुढेही ओकली. व्हिडिओ कॉल होता. त्यांनी मास्क जरा वर केला. हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

“जन्मभर बाबांच्या विरोधात बोंबललो,” ते म्हणाले, “आणि शेवटी मीच बाबा झालो की रे. तेही अमेरिकेत.”

मी म्हटलं, मी त्यांना हे बंद करायला लावतो.

“गप. त्या बायकांना सांग, बाबांनी आभार मानलेत.”

“बाबा, तुम्ही हे बोलताय?”

“कोणी आठवण काढली तर आभार मानायचे. देव नसला म्हणून काय रीत सोडायची?”

मी निरोप सांगितला नाही. वाटलं, ऑक्सिजन कमी पडला की माणूस तत्त्वाला ढिला होतो, बरे झाले की स्वतःच लाजतील. पाचव्या दिवशी ते गेले. तिकडे महापालिकेच्या माणसांनी सगळं उरकलं. आईने लांबून पाहिलं, मी तेवढंही पाहिलं नाही. माझी पत्रकं त्यांच्या उपयोगाला आली नाहीत आणि बाईंची प्रार्थनाही नाही. निदान या एका बाबतीत आमची बरोबरी झाली, असं मी बाईंना ऐकवलं. इतक्या बायका, इतके दिवस, आणि हा निकाल?

बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. “या गुरुवारी आम्ही कोणी काही मागितलं नाही,” त्या म्हणाल्या. “नुसत्या बसून राहिलो. माझंही भांडण आहे त्याच्याशी.”

पुढच्या महिन्यात ओक्लाहोमाहून टपालाने पाकिटं येऊ लागली. बहुतेकांवर थरथरत्या अक्षरात ‘बाबाच्या कुटुंबास’. संपादकांना मी लेख पाठवला नाही. त्यातली तिन्ही कारणं आजही मला पटतात, एकही खोडायला मी तयार नाही. फक्त ती पाकिटं कोणत्या कारणाखाली लावायची ते कळत नाही, आणि ती टाकवतही नाहीत.

खोली सोडायच्या दिवशी बाई तो डबा घेऊन बसल्या होत्या. बाबांचं कार्ड त्यांच्या हातात होतं. आता तरी खरं नाव सांग, म्हणाल्या, चुकीचं राहायला नको, मी दुरुस्त करते.

नाव माझ्या ओठांवर आलं होतं. वडिलांचं नाव या देशात मी फॉर्मांवर सोडून कुठेच उच्चारलं नव्हतं.

“बाबाच,” मी म्हणालो. “बरोबर आहे ते.” मग म्हणालो, “त्यांनी आभार मानलेत. तेव्हाच सांगायला सांगितलं होतं.”

बाईंनी कार्ड उलटं करून ते लिहून घेतलं आणि बनाना ब्रेडच्या आधी होतं तिथेच परत ठेवलं.