शिंपीणकाकूंच्या मशीनला लसणाचा वास

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या मशीनदादांचं आयुष्यात दोघांशीच वैर: गंजलेला स्क्रू आणि कच्चा पाला. पण डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बोट दाखवलं आणि लेकीनं दुपारच्या डब्यात काकडी, गाजर, कोबी, हिरवी पानं कोंबायला सुरुवात केली. डबा रोज लख्ख रिकामा होऊन घरी जायचा. लेक खूश, दादा खूश, आणि सगळ्यांत खूश शेजारच्या सुताराची बकरी. जेवणाच्या वेळी ती दुकानाच्या पायरीवर अशी ठाण मांडायची, की जणू तिचंच मशीन दुरुस्तीला टाकलंय.

एक दिवस लेक अचानक आली. आपण चिरलेलं गाजर बकरीच्या तोंडात!

"बाबा, उद्यापासून हे तुम्ही खायचं. नाही तर दुकानाला कुलूप, आणि घरी माझ्यासमोर बसून जेवायचं."

दुकान म्हणजे दादांचा जीव की प्राण. "अगं, पण कोरडं घशाखाली कसं उतरावं? तेलाशिवाय मशीनसुद्धा..." एवढं बोलले आणि थबकलेच.

संध्याकाळी स्वयंपाकघर दादांच्या ताब्यात. तीन चमचे तेल, एक चमचा लिंबाचा रस. दोघं वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे वेगळे उभे. दादांनी वाटलेली मोहरी मध्ये घालून खडखडा हलवलं, तेव्हा कुठे समेट झाला. मग ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड, बोटभर मध. हे सगळं त्यांनी गाळून मशीनच्या तेलाची असते तसल्याच एका कोऱ्या, लांब चोचीच्या कुपीत भरलं. मशीनच्या सांध्यात सोडावे तसे पानापानावर थेंब सोडून दादा जेवू लागले. डबा संपला तरी हात आत चाचपतच राहिला. बकरी वाट बघून निघून गेली.

काही दिवसांनी लेक पुन्हा टपकली. डबा रिकामा, पायरीवर बकरी.

"पुन्हा तेच? कुलूप कुठंय?"

"अगं, देवाशपथ मीच खाल्लं!"

"मग ही काय पेपर वाचायला आलीय?"

दादांनी बाजूला पडलेल्या पानावर कुपी दाबली आणि ते बकरीपुढे धरलं. बकरीनं हुंगलं, शिंकली, तोंड फिरवलं.

"बघ!"

"पोट भरलंय तिचं," लेक म्हणाली आणि कुलूप उचललं.

तेवढ्यात शिंपीणकाकू मशीन कवटाळून आत घुसल्या. "दादा, परवा जेवता जेवता तेल घातलंत ना? काय घातलंत हो मेलं? गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला लसणाचा वास येतोय! वर मुंग्यांची रांग!"

तेल चुकलं म्हणून एरवी दादा शरमेनं मेले असते. आज चेहरा उजळला. "ऐक, ऐक! साक्षीदार आपल्या पायांनी चालत आली!"

लेकीनं मशीन हुंगलं. मग कुपीतला थेंब बोटावर घेऊन चाटला. हसू दाबता दाबता तिच्या हातातलं कुलूप खुळखुळायला लागलं.

"लिंबू जरा कमी पडलंय," ती म्हणाली आणि कुलूप खिळ्याला अडकवलं. "कुपीला लाल रंग लावा, बाबा."

"आणि माझ्या मशीनचं काय?" काकू कडाडल्या.

"फुकट धुऊन देतो!"

दादा मशीन उघडून बसले आणि पुसता पुसता लेकीला तेल, लिंबू, मोहरीचं माप सांगू लागले. काकू शेजारच्या स्टुलावर फुरंगटून बसल्या. थोड्या वेळानं हळूच पुढे झुकल्या.

"मोहरी किती म्हणालात?"