हलकं काम

घाट उतरला की ते गाडी कडेला घेत. खाली उतरून चाकाच्या फटीतून ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेत आणि उलटा हात, म्हणजे बोटांची पाठ, क्षणभर टेकवत. आई पोराचा ताप बघते ना, अगदी तसा. मग माझ्याकडे वळून निकाल देत, "बाईले ताप हाय, मास्तर. दहा मिनिटं चहा पेऊ."

बाई म्हणजे आमची एसटी. मास्तर म्हणजे मी, कंडक्टर. आणि ते ड्रायव्हर. वयानं माझ्याहून पुष्कळ मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. बुलढाणा ते मलकापूर, मधे राजूरचा घाट. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली.

घाटाच्या तोंडाशी देवीचं ठाणं. बाकीचे ड्रायव्हर तिथं नारळ फोडत. भाऊ गाडी हळू करून लोकांना पैसे टाकू देत, स्वतः मात्र उतरत नसत. एकदा एक म्हातारी त्यांच्यावर तडकली, "काऊन रे, तुले देवीचं भेव नाही काय?" भाऊ हसले. "तू देवीले हात जोड माय, मी ब्रेकले हात लावतो. दोघं मिळून उतरू." म्हातारी मलकापूर येईपर्यंत त्यांनाच आशीर्वाद देत राहिली.

माणूस खणखणीत होता. सकाळी स्टँडवर "जय भीम, मास्तर!" ऐकू आलं की मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटे. बारा वाजता दोन भाकरी, ठेचा, कांदा. रात्री पाठ टेकली की घोरणं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला कधी शिंकताना पाहिलं नाही.

मग एका हिवाळ्यात त्यांची कंबर धरली. गाडीतून उतरताना दाराला धरून उभे राहू लागले. त्यांच्या घरच्या वहिनी मला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा त्याहिले. माहं ऐकत नाहीत." आणि मी शहाणा! अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा. हलकं काम मिळावं म्हणून झकास दोन पानी अर्ज लिहिला, वैद्यकीय दाखला जोडला आणि घाटाखालच्या चहाच्या टपरीवर भाऊंची सही घेतली. सही करताना ते एवढंच म्हणाले, "उभ्या गाडीची बॅटरी उतरते बे."

"तुम्ही काय गाडी आहात?" मी म्हणालो. टपरीवाल्यासकट आम्ही सगळे हसलो.

अर्ज मंजूर झाला. मलकापूरच्या स्टँडवर, कंट्रोलरच्या खोलीत, स्टुलावर बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या. त्यासाठी बुलढाण्याची थंड हवा, वीस वर्षांचा शेजार सोडून मलकापुरात पत्र्याची खोली घ्यावी लागली. मी पेढे वाटले. हो, मीच वाटले.

महिन्याभरात एक गंमत दिसली. बाहेर गाडी सुरू झाली की स्टुलावर बसलेल्या भाऊंचा डावा पाय आपोआप फरशी दाबायचा. क्लच! पोरं बघायला यायची. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

कंबर बरी झाली, पण बाकीचं सगळं बिघडत गेलं. झोप उडाली. डबा तसाच परत जाऊ लागला. शर्ट आधी पोटावर तटतटला, मग खांद्यावरून लोंबू लागला. कधी कुणावर न ओरडणारा माणूस शाईची दौत लवंडली म्हणून शिपायावर धावून गेला. वर्ष भरलं तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं बुलढाण्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, लघवीतली साखर तपासली. दोन्ही वाईट. त्यांनी विचारलं, "वर्षभरात काही मोठं घडलं का? काळजीचं?"

"काही नाही, साहेब," भाऊ म्हणाले. "आराम चालू हाय."

मी शेजारीच उभा होतो. अर्जाचं सांगायला तोंड उघडलं नाही.

परतीची गाडी आमचीच जुनी होती, ड्रायव्हर नवा. भाऊ खिडकीशी बसले. घाटात ड्रायव्हर वळणावळणाला ब्रेक दाबत होता. खाली येईतो जळका वास सुटला. भाऊ एकदम उठले. "थांबव रे. बाईले पाहू दे."

उतरले. मीही मागोमाग उतरलो. या वेळी त्यांनी उलटा हात नाही लावला. आख्खा तळवा ड्रमवर टेकवला आणि तसाच ठेवला. वासानं माझं नाक झोंबत होतं, ड्रमची धग माझ्या गालाला लागत होती, आणि ते शांतपणे म्हणाले, "ताप नाही, मास्तर. चला."

मी ओरडून त्यांचा हात ओढला. तळव्याची कातडी पांढरी पडली होती, सुटून आली होती. भाऊ हाताकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

"कळलंच नाही मले," ते म्हणाले. "बोटं बधिर होऊन राह्यली होती, पन वाटलं, बाईचं कळंन." आणि मग लहान पोरासारखे रडले. टपरीवाला पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला.

ती जखम भरली नाही. हात सुजला, ताप चढला. तो मात्र सगळ्यांना कळत होता. पंधराव्या दिवशी भाऊ गेले. वहिनींनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्यांना त्या स्टुलावर मी बसवलं होतं.

पुढं बारा वर्षं मी त्याच रस्त्याला होतो. घाट उतरला की आधी मी उतरायचो. ड्रायव्हर विचारायचे, "काय पाह्यता, मास्तर?" मी सांगत नसे. ड्रमला उलटा हात लावायचो. चटका बसायचा. बसला की गाडीत चढायचो आणि घंटी मारायचो.