क्रमांक चारचा रिपोर्ट

मेडिकलची पोरं तिला शून्यबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून ती सुखावायचीही. फार्माकोजिनोमिक्स, म्हणजे कुणाच्या जनुकांना कुठलं औषध मानवतं आणि कुठलं नाही, हा तिचा विषय. अर्धा मार्क तिच्या लेखी नव्हताच. चुकलात की शून्य, आणि खाली लाल पेनाने शेरा: "पेशंट मारलात."

सात वर्षांपूर्वी प्रॅक्टिकल सुरू करायचं तर तपासायला माणसं मिळेनात. तिने घरच्यांनाच धरलं. आई, दादा, ती स्वतः आणि बाबा. गालाच्या आतून कापसाने नमुना घ्यायचा होता; बाबांनी हौसेने तोंड वासलं. "घे, दात तर गेलेच. गाल तरी तुझ्या कामाला येऊ देत." रिपोर्टवर नावं घालायची नाहीत हा तिचाच नियम, म्हणून आकडे घातले. बाबा चौथे.

आणि नेमका चौथा रिपोर्ट सोन्यासारखा निघाला. हृदयात स्टेंट बसवल्यावर रक्त गोठू नये म्हणून एक गोळी देतात. पोटात गेल्यावर यकृताने तिला कामाला लावायचं असतं. बाबांचं यकृत ते करणारच नव्हतं. त्यांना ती गोळी म्हणजे नुसता खडू. असं उदाहरण घरातच सापडलं म्हणून बाई हरखली. बाबांच्या फाइलला एक प्रत लावू म्हणाली आणि ते राहून गेलं. बाबा तेव्हा रोज तासभर चालायचे, घाई कसली? पुढे दरवर्षी पोरांसाठी त्या रिपोर्टच्या झेरॉक्स निघत गेल्या आणि क्रमांक चार हा फक्त क्रमांक चार उरला.

यंदा बाबांच्या छातीत कळ आली. स्टेंट बसला. डॉक्टर तिचा जुना विद्यार्थी. त्याने आदबीने विचारलं, "मॅडम, बाबांना कुठलं औषध चालत नाही, असं काही आहे का?"

"नाही रे. दगड पचवतील ते."

चार दिवस ती खाटेशी बसून होती. रिकामं बसणं बाईच्या स्वभावात नाही, म्हणून मांडीवर पोरांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा गठ्ठा. साठ जर्नलं, प्रश्न एकच: क्रमांक चारला ही गोळी द्याल का? एकोणसाठ जणांनी लिहिलं होतं, नाही. बरोबरच्या खुणा करत ती पुढे सरकत होती. मध्येच नर्सने गोळी आणून ठेवली. तिने पेन बाजूला ठेवलं, बाबांची मान उचलली, गोळी जिभेवर ठेवून पाणी पाजलं, ओठ पुसले आणि साठावं जर्नल उघडलं. त्या मुलीने लिहिलं होतं, द्यावी. बाईने शून्य दिलं आणि नेहमीचा शेरा लिहिला.

पाचव्या दिवशी सकाळी स्टेंटमध्ये गुठळी झाली आणि बाबा गेले.

क्रमांक चार कोण, हे तिला आठवलं ते घरी, गठ्ठा टेबलावर ठेवताना. तिने गठ्ठ्यावरच डोकं टेकलं. सगळ्यांना वाटलं, आता कुठे रडू येतंय.

दादा जवळ आला. "तू हेच शिकवतेस ना गं? आधी कळलं असतं का काही?"

"नाही दादा. कुणालाच कळलं नसतं."

दुसऱ्याच्या चुकीला जिने जन्मात अर्धा मार्क दिला नाही, तिने स्वतःला पुरते मार्क देऊन टाकले. दादाने मान हलवली. बहिणीच्या शब्दावर त्याचा फार विश्वास.

आई तिचा हात कुरवाळत राहिली. "नर्सपुढे तोंड उघडायचे नाहीत गं. गोळी फक्त तुझ्या हातून घ्यायचे. तेवढंच समाधान."