खिळ्यावरची रोटी

उझबेकिस्तानातल्या कोकंदात त्या फेब्रुवारीत धुकं असं बसलं होतं, की समोरच्या तुतीच्या झाडालाच शेजारी समजून सलाम करावा. होशिम उस्ताच्या भट्टीत पऱ्हाट्यांचा धूर त्या धुक्यात मिसळला होता, आणि मामासोली कमरेपर्यंत तंदुरात शिरून आतल्या भिंतीला रोट्या थापत होता. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. भुवया त्याला नव्हत्याच. त्या कधीच्याच जळाल्या होत्या, आणि परत उगवण्याचा नादही त्यांनी सोडला होता.

त्या सकाळी एकेचाळिसाव्या रोटीला त्याच्या पाठीत उसण भरली आणि तो आतच अडकला. भट्टीतल्या दोघांनी पाय धरून बाहेर ओढला. उस्तानं आधी तंदुरात डोकावून रोटी करपली का ते बघितलं, मग मामासोलीकडे वळला. एवढ्यावरून उस्ताला वाईट म्हणू नये. मामासोली घरचाच होता. रोटी गिऱ्हाइकाची होती.

‘तू मला मुलासारखा,’ हे उस्ताचं पालुपद. सख्खे दोन मुलगे ताश्कंदात मोबाइल विकत होते आणि तंदुराकडे फिरकत नव्हते, म्हणजे मुलासारखं वागायचं काम एकट्या मामासोलीवर पडलं होतं. मुलाला रजा नसते, घरातून कोण रजा घेतं? उस्ताचं छत मातीनं लिंपायचं, धाकट्याच्या लग्नात पुलावाची गाजरं चिरायची, सगळं त्यानंच. मात्र हेही खरं, की मामासोलीची बायको अडली तेव्हा आपली खटारा गाडी काढून पहाटे दवाखान्यात पोचवणारा उस्ताच होता. आणि त्या उपकाराची आठवण करून द्यायला तो एकाही वर्षी विसरला नव्हता.

डॉक्टरनं सांगितलं, गंधकाच्या पाण्याच्या आरोग्यधामात बारा दिवस जा, नाहीतर वर्षभरात काठी घ्यावी लागेल. मामासोलीनं ते उस्ताच्या कानावर घातलं.

“गंधक कशाला, लेका?” उस्ता म्हणाला. “तंदुराला पाठ टेकून बस. ऊब तीच, आणि भट्टीवर लक्षही राहील.”

शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर ब्रेडचा मोठा कारखाना होता, दोनशे माणसांचा. तिथं वर्षभर नीट काम करणाऱ्याला त्याच आरोग्यधामाची बारा दिवसांची चिठ्ठी फुकट मिळते, असं बाजारात बोललं जाई. मामासोलीनं आठवडाभर विचार केला आणि जातो म्हणून सांगितलं. उस्ता तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको हानिफा खाला हिनं गरम रोटी मामासोलीपुढे धरली. दूर जाणाऱ्यानं रोटीचा एक घास तोडायचा. उरलेली घरात टांगलेली राहते, आणि माणूस परतला की त्यानंच ती संपवायची. फौजेत जाणारे, रशियात मजुरीला जाणारे सगळे असेच घास तोडून जातात. पाच किलोमीटरवर जाणाऱ्यासाठी मात्र हे पहिल्यांदाच घडत होतं. उस्ता पुटपुटला, की उगाच उंदरांची सोय कशाला. आणि मग त्यानं स्वतःच हातोडी घेऊन भिंतीत खिळा ठोकला.

कारखान्यात पगार तारखेला होई. मामासोली आयुष्यात पहिल्यांदा कामावर बसून चहा प्यायला. वाकायचं नव्हतं, बटण दाबलं की यंत्र सगळ्या रोट्या एका चेहऱ्याच्या काढी. माणसांनाही यंत्रानं तेवढंच सोपं करून टाकलं होतं. तो ‘एकशे चौदा’ झाला. दर महिन्याला एक कागद येई: तुम्ही समाधानी आहात की अतिशय समाधानी? पाठ दुखते हे लिहायला त्यात जागा नव्हती, म्हणून त्यानं ‘समाधानी’वर खूण केली. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपण एक कुटुंब.’ ते वाचून तो जरा घाबरला. कुटुंबात एकोणीस वर्षं त्यानं आधीच काढली होती.

दहाव्या महिन्यात निष्ठा सप्ताह आला. माणसं सांभाळण्याच्या खात्याची मुनिसा दूरच्या नुकूस शहरातली, शिकलेली, गोड बोलणारी पोरगी. साहेबांना परंपरेतलं काहीतरी हवं होतं, आणि टांगलेल्या रोटीवर त्यांचं बोट पडलं. दोनशे सहा जणांनी एकेक घास तोडला, उरलेल्या रोट्या नंबर लावून भिंतीवर चढल्या, फोटो निघाले.

मामासोलीनं मुनिसाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पोरी, राहणारा माणूस रोटी चावत नाही. चावतो तो जाणारा. तिनं तुमचं मत मोलाचं आहे म्हणून लिहूनही घेतलं.

महिन्याभरात सदतीस जण गेले. काही जाणारच होते; पण आता त्यांची रोटी टांगलेली होती, म्हणजे निरोप झाल्यासारखाच होता. पॅकिंगच्या एका बाईनं तर राजीनाम्यात कारण म्हणून ‘घास तोडला’ एवढंच लिहिलं. वरून चौकशी आली, की ही अंधश्रद्धा पसरवली कोणी? मोलाचं मत एकशे चौदाच्या नावावर नोंदवलेलं होतंच.

तेवढ्यात आरोग्य तपासणीची तारीख लागली. भिंतीवर उंदीर चढत होते. हुकूम सुटला: एकशे चौदानं सगळ्या रोट्या कचऱ्याच्या पेटीत टाकाव्यात. त्याच्या चिठ्ठीला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

“पोरी, जमिनीवर पडलेला तुकडासुद्धा आपण उचलून कपाळाला लावतो,” मामासोली म्हणाला. “आणि इथं तर माणसं टांगलीयत.”

“नियमानं आता तो कचरा आहे, मामासोली अका.” मग तिनं दाराकडे बघून आवाज खाली केला. “माझीही आहे. तिसऱ्या ओळीत.”

आणि तरीही तिनं नोंद केली: हुकूम मोडला, निष्ठेचे गुण वजा. चिठ्ठी साहेबांच्या मेव्हण्याच्या पाठीला गेली.

मामासोलीनं रोट्या पिठाच्या पोत्यांत भरल्या आणि मागच्या वस्तीतल्या गाईंना घातल्या. गाईच्या तोंडी गेली तर रोटीचा अपमान होत नाही. तिसऱ्या ओळीतली एक तेवढी त्यानं मुनिसाच्या टेबलावर ठेवली. मग टोपी आणि नंबर परत करून तो निघाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच धुकं होतं. उस्ताच्या भट्टीत नवे ठेवलेले दोघं पळाले होते, आणि उस्ता स्वतः तंदुरात वाकला होता. वर आला तेव्हा त्यालाही भुवया नव्हत्या. हानिफा खालानं काही न विचारता खिळ्यावरची रोटी काढली आणि चहाची किटली आणली.

“बुडवून खा,” उस्ता कंबर चोळत म्हणाला. “दगड झालाय तिचा. आणि लवकर खा, लग्नाच्या तीनशे रोट्या द्यायच्यात.”

मामासोलीनं रोटी कपाळाला लावली आणि परत खिळ्यावर टांगली.

“मी अजून आलो नाही, उस्ता. बारा दिवस गंधकाच्या पाण्यात काढून मग येईन. दर वर्षी असाच बारा दिवस जाईन.”

“मग हा समोर कोण उभा आहे?”

“वाटेतला माणूस.”

उस्ता खिळ्याकडे बघत राहिला. खिळा त्यानंच ठोकला होता. टांगलेली रोटी जाणाऱ्याच्या मर्जीविरुद्ध काढणं त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं, आणि वर्षभराच्या तंदुरानं त्याच्याही पाठीला बरंच शिकवलं होतं. शेवटी त्यानं फोन काढून आरोग्यधामाच्या आचाऱ्याला लावला. तो जुना गिऱ्हाईक होता.

“एक पाठ पाठवतोय उद्या,” उस्ता म्हणाला. “माणूसही सोबत येईल. पैशाचं मी बघतो. आणि ऐक, मार्चमध्ये आणखी एका पाठीची जागा धर. माझ्या.”

फोन खिशात टाकून तो गुरगुरला, “उद्यापासून. आज तर आहेस ना?”

परातीत पीठ फुगून कडेवरून उतू चाललं होतं. मामासोलीला ते बघवेना.

“वाकणार नाही,” त्यानं बजावलं.

उस्ता कण्हत तंदुरात शिरला. मामासोलीनं स्टूल ओढलं, बाह्या वर केल्या, ठसा हातात घेतला आणि पहिल्या गोळ्याच्या मधोमध भोकांची नक्षी उमटवली. मग दुसऱ्याच्या.