न सांगता बसवलेला टर्बो

जळक्या ऑइलचा वास आला की आजही माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जातो. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन मी कुणकेश्वरला निघाले होते. आमची जुनी पेट्रोल गाडी चढावर दमायची, म्हणून मेकॅनिक असलेल्या नवऱ्याने भंगारातून आणलेला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा, तिला बसवला होता. मला त्याचा पत्ताच नव्हता. खिडकीतून खारा वारा येत होता. चढावर नेहमीसारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर गाडीने अशी उसळी घेतली की सासूबाई सीटवर मागे आपटल्या. मी पाय काढेपर्यंत बॉनेटखाली धाडकन आवाज झाला आणि जळक्या ऑइलच्या धुराने समोरचं काही दिसेना. गाडी रस्त्याकडेच्या गडग्याला, जांभ्या दगडांच्या बुटक्या भिंतीला, घासत थांबली. फोन केल्यावर नवरा धावत आला. पिस्टनचा रॉड इंजिन फोडून बाहेर आला होता. "इंजिनाक दाब सोसवलो नाय," तो पुटपुटला, "तुका खूश करूचा होता." सासूबाई त्याला म्हणाल्या, "गाडी ती चलयता मां? मगे तिका इचारलंस कित्याक नाय?" आता साधा वायपर बदलायचा असला तरी तो मला आधी सांगतो, आणि मीही त्यावरून त्याला हसत नाही.