मुकादमाची शिट्टी अन् नवसूचे खडे

हजेरी चालली व्हती. ओव्हरसिअर साहेब मस्टर मांडीवर घिऊन दगडावर बसलेले. त्यांनी नाव घ्यायचं, माणसानं हजर म्हणायचं, साहेबांनी रेघ मारायची.

"नवसू."

"हजर." घोगरा आवाज आला.

साहेबांनी मान वर केली. म्होरं नवसू तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी पीत व्हता.

"मुकादम," साहेब मला म्हणले, "पाणी पिता पिता हजर म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

नवसूच्या पाठीमागं त्याची बायकू सोमी पदर सारका करत उभी. आपण त्या गावच्याच न्हाई असा चेहरा. आवाज तिचा व्हता. अन् ही अक्कल माझी व्हती. म्हंजी उघडी पडणार हे ठरलेलंच.

ही बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. वेल्ह्याच्या डोंगरात रस्त्याचं दुष्काळी काम निघालं, त्यावर मी मुकादम. माझं गाव आंबवडं. शाळंच्या वाटंवर एक आंबा व्हता, माझं शिक्षाण त्या आंब्यापतूर झालं. मला मुकादम केलं ते अकलंवर न्हाई, आवाजावर. ह्या डोंगरावरनं हाक मारली की त्या डोंगरावरचा गडी पाटी टाकून पळत यायचा. पण हा येवडा का वरडतो, ते कुणी इचारलं न्हाई.

वरडायचं कारण असं. आदी मी शिवऱ्याकडं खडीच्या खाणीत व्हतो. तितं एकदा म्या माझ्याच हातानं सुरुंगाची वात तोकडी कापली. मी लांब जायच्या आत बार उडाला. मी वाचलो, डावा कान गेला. उजवाबी तसा नावालाच ऱ्हायला. बहिरं माणूस वरडतंच, त्याला वाटतं सगळं जगच बहिरं हाय. पण कानाचं म्या कुणालाबी सांगितलं न्हवतं. सांगितलं आसतं तर मुकादमी गेली आसती.

नवसू जल्मापासनं बहिरा. बोलायचंबी न्हाई. जवळच्या कातकरवाडीतला. काम सुरू झालं त्या दिवशी सोमी त्याला घिऊन आली.

"दोन नावं लिवा, मुकादम."

"दोन कशी? ह्याला ऐकू येत न्हाई."

"पाटी उचलायला कान लागत्यात व्हय?"

"पाटीला न्हाई, सुरुंगाला लागत्यात. मी शिट्टी दिली की समद्यांनी लांब पळायचं. ह्याला शिट्टी कशी कळायची?"

सोमी म्हणली, "वाडीत कोळसाभट्टीचा माणूस येऊन बसलाय. कोकणात चला म्हणतो. तितं ह्याला अर्दा गडी धरत्यात. आमी दोगं मिळून दीड. लाकडं मातुर हाच सगळ्यात जास्त तोडतो. हितं नाव लागलं तर आमी भट्टीवर जायाचं न्हाई."

नवसू माझ्याकडं बगत व्हता. माझ्या तोंडाकडं न्हाई, कानाकडं. बहिऱ्याला बहिरा वळाकतो. म्या कारकुनाला सांगितलं, लिव बाबा दोन. साहेबांनी हजेरी घेतली तर सोमीनं मागनं घोगरा आवाज काढायचा, हेबी ठरलं. दया आली म्हणून न्हाई, भ्या वाटलं म्हणून.

सुरुंगाचं काम सोपं सांगतो. खडकात पहारीनं भोकं पाडायची. त्यात दारू ठासायची, वात सोडायची. वाता लहान-मोठ्या कापायच्या, म्हंजी बार एकामागं एक होत्यात अन् मोजता येत्यात. सहा भोकं भरली तर सहा बार झाले पायजेत. पाच झाले तर एक अडकला. मग कुणी तितं फिरकायचं न्हाई, कारण अडकलेला बार कवाबी उडतो. मोजायचं काम मुकादमाचं. म्हंजी माझ्यासारख्या कानाच्या माणसाचं. आता हसा.

नवसू नकला लई भारी करायचा. साहेब चष्मा कसा वर ढकलत्यात, कारकून मिसरी लावताना डोळं कसं मिटतो, सगळं. एक नक्कल तर अशी, की हात कानामागं, मान कोंबडीगत वाकडी, अन् तोंड हे एवढं फाडलेलं. ती केली की माणसं लोळायची. सगळ्यात जास्त मी हसायचो. आठ दिसांनी कळलं, ती माझी व्हती.

तर त्या हजेरीला साहेबांनी नवसूला पकडला, अन् तो बहिरा हाय हे मला कबूल करावं लागलं. साहेब तरणे, पुण्याचे, माणूस वाईट न्हाई. पण सुरुंगाखाली कोण गावलं तर आपली नोकरी जाणार, हे त्यांना झोपंतबी दिसायचं.

"नाव कमी करा," साहेब म्हणले. "शिट्टी ऐकू येत नाही तो सुरुंगाच्या कामावर नको. उद्या मेला तर जबाबदार कोण?"

"साहेब," सोमी म्हणली, "महिना झाला, मेला का?"

"बाई, मरायची वाट बघू का?"

"बगू नगा. आजच्या दिवस थांबून बगा, तो कसा करतो ते."

साहेब हट्टाला पेटले. "थांबायला कशाला पाहिजे? आत्ताच बघू. मुकादम, त्याला पाठमोरा उभा करा. शिट्टी इकडं द्या."

म्या सदऱ्याच्या खिशातनं शिट्टी काढून दिली. साहेबांनी रुमालानं दोनदा पुसली, वास घेतला, परत पुसली. मग छाती भरून फुकली. त्यांचं गाल फुगलेलं मला दिसलं. नवसू जागचा हालला न्हाई. मला वाईट वाटलं, पण साहेबाम्होरं आपलं कान शाबूत हायत हेबी दाखवायचं व्हतं. मी मोठ्यानं म्हणलो, "लई दणक्यात वाजली, साहेब. पार खिंडीपतूर गेली आसल."

सगळी माणसं माझ्याकडं बगाय लागली. मग एक म्हातारी हसली, अन् मग सगळीच.

साहेबांनी शिट्टी तोंडातनं काढली. "मुकादम, ही वाजलीच नाही."

त्यांनी शिट्टी दगडावर आपटली. आतनं तंबाखू पडली. चुना पडला. शिट्टीच्या पोटात जी गोळी फिरती, ती चुन्यानं चिकटून बसलेली. तंबाखू अन् शिट्टी मी एकाच खिशात ठेवत व्हतो. फुकताना दाताला गुदगुल्या झाल्या की मी समजायचो, वाजली.

"किती दिवस झाले ही बंद आहे?" साहेबांनी सगळ्यांना इचारलं.

"लई दिस झालं," सोमी म्हणली. "कामावर खायला सुखडी वाटाय लागले त्याच्याबी आदीपासनं."

"मुकादमाला सांगितलं नाही कुणी?"

"सांगितलं की. त्यास्नी ऐकू आलं न्हाई."

साहेब माझ्याकडं बगून मग तिला म्हणले, "अगं, मग तुम्ही पळता कशावर?"

सोमीनं नवसूकडं बोट केलं. "हा उठला की आमी उठतो."

"आणि हा कशावर उठतो?"

सोमीनं नवसूला खूण केली. नवसूनं आदी खिशातनं चिमूट काढून तळहातावर मळली, दाढंत धरली, अन् मान हालवली. न्हाई. मग कानामागनं बिडी काढल्यागत केलं, वाऱ्याकडं पाठ करून पेटवली, अन् लगीच पाटी उचलून चालाय लागला.

सोमीनं सांगितलं, "मुकादम तंबाखू खात्यात. बिडी पेटवत्यात ती निस्ती वातीला लावायला. बिडी पेटली म्हंजी आता बार. मुकादमाच्या हाताकडं ह्याच्याबिगर कोण बगतंय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे माझ्या कामावर बहिरे दोन आहेत," ते म्हणले. "एक मस्टरवर लपवलेला आणि दुसरा माझा मुकादम. दोघांचं काय करायचं ते संध्याकाळी ठरवतो. दुपारचे बार माझ्यासमोर होऊ देत."

त्या दिवशी मी सहा भोकं भरली. दुपारी माणसं लांब केली, बिडी पेटवली. नवसू उठला, सगळी उठली. वाता पेटवून मीबी पळत येऊन दगडाआड बसलो.

बार सुरू झाले. सगळ्यांनी कानात बोटं घातली. साहेबांनी तर बोटं घालून वर डोळंबी मिटलं. नवसूला कानात बोटं घालायची गरज न्हवती. त्याचं दोनी हात खाली, अन् डोळं उघडं.

म्या मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. जरा थांबून सहा. साहेब डोळं उघडून माझ्याकडं बगाय लागले, म्हणून मी घाई केली.

"सहा झालं. चला, पाट्या उचला," मी वरडलो.

कुणी उठलं न्हाई.

"चला की. बसलाय काय पंगतीला बसल्यागत?"

नवसू बसला व्हता, म्हणून सगळी बसली व्हती. साहेबबी म्हणले, "चला, चला." मला लाज वाटली. माझं माझीच माणसं ऐकंनात. म्हणलं आपणच म्होरं जाऊ, मग येतील मागनं. चार पावलं टाकली आसतील, नवसूनं मागनं येऊन माझ्या धोतराचा सोगा धरला. मी म्होरं, धोतर मागं. बायकांनी तोंडं फिरवली. मी धोतर गोळा करत त्याला शिव्या दिल्या. ऐकू येत नसल्याचा हा एक फायदा हाय.

नवसूनं माझ्याम्होरं मूठ उघडली. आत एक खडा व्हता. नदीतला असतो तसला बारका, गोल.

मला काय कळंना. सोमी तवर आली. तिनं खड्याकडं बगितलं, अन् तिचा चेहरा बदलला.

"तुमी एक भोक भरलं की हा एक खडा हातात घेतो," ती म्हणली. "धुरळा उडला की एक टाकतो. रोज. मुकादम, एक बार ऱ्हायलाय."

"मी सहा मोजलं."

"समोरच्या डोंगरानं परत दिलेला मोजला आसल."

डोंगर आवाज परत देतो. दोनी कान धड आसले तर कळतं, कुठला आवाज कुठनं आला. एक कान गेला की सगळं एकाच बाजूनं येतं. पाच बार अन् एक डोंगर, असं सहा.

साहेबांनी कुणाला हालू दिलं न्हाई. लई येळ आमी तसंच बसलो. मग साहेब अन् मी लांबच्या टेकाडावर चढून बगितलं. एक भोक तसंच शाबूत. वातीचं शेपूट बाहीर लोंबत व्हतं, मधीच इझलेलं. त्याच्या म्होरं दगड भरायची जागा सोमीची व्हती. बार झाला की सगळ्यात आदी तीच पाटी घिऊन तितं वाकायची.

मी खाली आलो अन् तिला सांगितलं. सोमी टोमणा मारायला कवा चुकायची न्हाई. त्या दिवशी मातुर तिनं नवसूच्या हातातला खडा घेतला अन् पदराच्या टोकाला बांधला.

अडकल्या बाराला हात लावायचा नसतो. शेजारी जरा अंतर सोडून दुसरं भोक पाडून तो उडवला. त्या येळंला बार मी मोजले न्हाईत. साहेबांनीबी न्हाई. आमी दोगंबी नवसूच्या मुठीकडं बगत बसलो.

सांजच्याला साहेबांनी मस्टर उघडलं.

"नियमात बसत नाही," साहेब म्हणले. "सुरुंगावर बहिरा माणूस लिहिता येत नाही." त्यांनी चष्मा वर ढकलला. "पण लाल झेंडा धरायला आणि बार बघायला माणूस लागतो. तिथं कान असलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही."

"अर्दा लिवणार का पुरा?" सोमीनं इचारलं.

"पुरा लिहिलाय, बाई."

"मग दोन झालं."

"दोन झाले."

साहेबांनी माझी शिट्टी गरम पाण्यात धुवून सोमीच्या हातात दिली. ती इतकी जोरात वाजवायची की मलाबी कवाकवा ऐकू यायची. मला म्हणले, "मुकादम, तुम्ही वातीला हात लावायचा नाही. तुमच्याकडं ओरडायचं काम ठेवतो. ते तुम्हाला जमतं." भट्टीचा माणूस परत आला, दोन दिस वाडीत बसला. मग दुसरी माणसं घिऊन घाट उतरला. नवसू अन् सोमी त्यात न्हवती.

ते काम सरलं. दुसऱ्या साली भाटघराकडं काम निघालं, मी तितं गेलो. नवे साहेब म्हणले, "तुमच्या कानाबद्दल ऐकलंय. तुमच्यासाठी शब्द कोण टाकणार?" झेंड्यापाशी नवसू उभा व्हता, गळ्यात शिट्टी घालून सोमी शेजारी. ती दोगं माझ्या आदी लागलेली. साहेबांनी त्यांनाच इचारलं.

नवसूनं हात कानामागं नेला, मान कोंबडीगत वाकडी केली, तोंड फाडलं. साहेब हसले.

सोमी म्हणली, "घ्या साहेब. वरडतो चांगला. बार मोजायला मातुर देऊ नगा."

अशी माझी मुकादमी मिळाली, नवसूच्या शिफारशीवर.

आता शिकवण म्हणाल तर लई मोठी न्हाई. समोरचा ऐकत न्हाई म्हणून त्याचं नाव खोडायच्या आदी आपली शिट्टी वाजतीया का बगावं. अन् तंबाखूला येगळा खिसा शिवून घ्यावा. म्या दोनी केलं, पण खिसा आदी शिवला.